तीनशे घरांचा समाज

एडिसनमधले आईवडील आमच्या बैठकीला एडिसनमध्ये येत नाहीत. ओक ट्री रोडवर भाजीला जा, ब्लाउज शिवायला टाकायला जा, सोनाराकडे जा, ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. वाचनालयातल्या त्या खोलीत शिरताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं, ही धास्ती असते. म्हणून ते पाऊण तास गाडी हाकत दुसऱ्या काउंटीतल्या बैठकीला जातात, आणि तिकडची मंडळी नेमक्या याच कारणाने एडिसनला येतात.

मी न्यू जर्सीत क्लिनिकल सोशल वर्कर आहे. नोकरी शाळेत, मुलांच्या समुपदेशनाची. त्याखेरीज गेली बरीच वर्षं काही सहकाऱ्यांबरोबर गे, लेस्बियन आणि ट्रान्स मुलामुलींच्या भारतीय पालकांसाठी दर महिन्याला एक बैठक चालवते. नियम थोडेच आहेत. आडनाव सांगायची गरज नाही. फोन पर्समध्ये किंवा खिशात. इथे ऐकलेलं इथेच राहील. आणखी एक नियम खास आपल्या लोकांसाठी करावा लागला: बैठकीतलं कुणी पटेल ब्रदर्सच्या किराणा दुकानात किंवा देवळात भेटलं, तर त्यांनी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही.

बहुतेक वेळा आधी आई येते. वडील तिला सोडायला म्हणून येतात आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतात. दोन-तीन महिने गेले की तेही आत येतात. एक गृहस्थ असेच आले, हातात वही घेऊन. औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रश्न नीट क्रमाने लिहून आणले होते. मुलाच्या हार्मोन्सची तपासणी करावी का? वय लहान आहे, पुढे बदलेल का? भारतात एक मानसोपचारतज्ज्ञ ओळखीचे आहेत, सुट्टीत नेऊन दाखवावं का? आम्ही अमेरिकेत आलो नसतो तर हे झालं असतं का? आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेला प्रश्न: पुण्याला आईला सांगायचं का?

पहिल्या चार प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती स्वच्छ शब्दांत द्यावी लागतात. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. जो आजारच नाही त्याची तपासणी कसली आणि उपचार कसला? परवानाधारक समुपदेशकांना अल्पवयीन मुलांवर असले ‘उपचार’ करायला न्यू जर्सीत २०१३ मध्ये कायद्यानेच बंदी घातली गेली. भारतातही मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये एका खटल्यात हा प्रश्न लावून धरला आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हा प्रकार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असं ठरवलं. त्या गृहस्थांनी न्यायमूर्तींचं नाव वहीत लिहून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रश्नावर काट मारली.

‘इथे आलो म्हणून’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. त्यामागे विज्ञानाची शंका नसते, देश सोडल्याची जुनी टोचणी असते. मी त्यांना आपल्याच गोष्टींची आठवण करून देते. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातली समलिंगी नायिका मित्रा अमेरिकेत वाढलेली नव्हती. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची, आणि ती घडते मध्यमवर्गीय मराठी घरात. बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट पुण्यात २००२ पासून काम करतो आहे. माणसं तिथेही होतीच. अशा संबंधांना शिक्षा देणारं कलम तेवढं इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणून बसवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने होणारे संबंध त्यातून मोकळे केले. आपण निघालो त्या दिवशीचा भारत आपण मनात जपून ठेवतो, पण तिकडचा भारत तेवढ्यावर थांबलेला नसतो.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याही निकालात सापडत नाही. खरी अडचण तिथेच असते. आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी फार थोडे धर्माचं कारण सांगतात. कायद्याची भीतीही नसते. भीती असते ती लोकांची. धाकटीचं लग्न कसं जमेल? मराठी मंडळात कुजबुज होईल का? आपल्या संस्कारांत काय कमी पडलं, असं कुणी तोंडावर विचारलं तर? मुलगा एकदा घरात सांगून मोकळा होतो, आणि त्या दिवसापासून लपायची पाळी आईवडिलांवर येते. ते पार्ट्यांना जाणं टाळतात, ‘मुलाचं काय चाललंय’ या प्रश्नाला कामाच्या नावाखाली बगल देतात. कित्येक आयांनी दोन-दोन वर्षं सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं.

या कामात राहून मला एक गोष्ट पक्की कळली. ‘लोक’ हा शब्द आपण भारतातून जसाच्या तसा उचलून आणला, पण इथले लोक मोजता येतात. साताऱ्यात किंवा डोंबिवलीत लोक म्हणजे अख्खा गाव, गल्ली, नात्यागोत्याचा सगळा गोतावळा. इथे लोक म्हणजे मंडळाची तीनेकशे घरं. त्यातल्या बहुतेकांचे नंबर आपल्या फोनमध्ये असतात. त्या तीनशेंतही मत बनवणारी माणसं पंधरा-वीसच: नैवेद्याच्या याद्या ज्यांच्या हातात असतात त्या काकू, मराठी शाळेच्या बाई, पूजेला येणारे गुरुजी, सगळे ज्यांना रिपोर्ट दाखवतात ते डॉक्टर, नाटक बसवणारा एखादा दादा. ‘समाज बदलायला हवा’ म्हटलं की छाती दडपते. पंधरा-वीस ओळखीच्या माणसांशी बोलायचं आहे म्हटलं की कामाला लागता येतं.

म्हणून बैठकीत आम्ही कागदावर नावं काढायला लावतो. कुणाला आधी सांगायचं? जो ऐकून घेईल आणि पुढे आपल्या वतीने बोलेल, त्याला. वहीवाल्या गृहस्थांनी आईला थेट फोन केला नाही. आधी पुण्यातल्या बहिणीला सांगितलं. तिने चार-सहा महिने वेळ बघून, एकेक गोष्ट उलगडत आईच्या कानावर घातलं. आजी बरेच दिवस काही बोलल्या नाहीत. मग एकदा नातवाशी फोनवर बोलताना म्हणाल्या, “दिवाळीला दोघंही या.” आजवर मी पाहिलं आहे, आपल्याकडे स्वीकार हा नात्यांच्या वाटेनेच येतो. माहितीपत्रकं लागतात, पण ती वाचली जातात ती बहिणीने हातात दिली म्हणून.

हा रस्ता आम्ही पहिल्यांदा काढलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी १९८६ मध्ये समलिंगी दक्षिण आशियाई लोकांसाठी ‘त्रिकोण’ ही संघटना सुरू केली. लंडनमध्ये १९८८ मध्ये अशीच ‘शक्ती’ उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९९१ मध्ये ‘साल्गा’ स्थापन झाली. बिंदुमाधव खिरे अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत होते तेव्हा ‘त्रिकोण’च्या संपर्कात आले, आणि पुण्यातल्या समपथिकचं काम त्यानंतरचं. एड्सच्या भयानक काळात या संघटनांमधल्या तरुणांनी एकमेकांना सांभाळलं. गोऱ्यांच्या बारमध्ये परकेपणा आणि देसी कार्यक्रमात तोंड बंद, अशा दुहेरी कोंडीत त्यांनी स्वतःची जागा तयार केली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये इंडिया डे परेड निघते. तीत चालायची परवानगी साल्गाला वर्षानुवर्षं नाकारली गेली. आपल्याच देशाच्या मिरवणुकीच्या कडेला फलक घेऊन उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. पुढे दार उघडलं, तेही त्यांनी ते सोडून जायला नकार दिला म्हणून. पालकांसाठी आज अरुणा राव यांनी स्थापन केलेली ‘देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज’ आहे, मुंबईत ‘स्वीकार’ आहे. त्या मुलांनी तेव्हा पाय रोवले नसते तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं, असं मी मनापासून मानते.

न बोलण्याची किंमत कोण मोजतं, याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण म्हणजे भारतातून लग्न करून आणलेल्या मुली. मुलाने आईवडिलांना सांगितलेलं असतं किंवा त्यांना कुणकुण लागलेली असते; ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ म्हणून तीन आठवड्यांच्या सुट्टीत बार उडवून दिला जातो. मुलगी एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर इथे येते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोहोचलं असेल तरच परवाना मिळतो, आणि ती सोयसुद्धा २०१५ पासूनची. बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर, गाडी चालवता येत नाही, आणि आपल्यातच काही कमी आहे का, हा प्रश्न रात्रंदिवस छळतो. अशा एका मुलीने मला विचारलं होतं, “ताई, त्यांच्या आईला माहीत होतं. मग माझ्या आईला का नाही सांगितलं?” तिला इथल्या कायद्याची माहिती दिली, वकील गाठून दिला, शिक्षण पुन्हा सुरू करायचा रस्ता दाखवला. तिच्या प्रश्नाला मात्र उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं. ते देणं त्या दोन्ही घरांचं काम होतं. समलिंगी मुलाचं लग्न मुलीशी लावून देणं हा तोडगा नव्हे. त्यात दोन आयुष्यं मोडतात, आणि दुसरं आयुष्य अशा मुलीचं असतं जिला कुणी विचारलेलंच नसतं.

मंडळात काम कसं होतं, ते एका प्रसंगातून सांगते. आमच्या भागातल्या एका मंडळाचं कुटुंब सभासदत्व पती, पत्नी आणि अविवाहित मुलांसाठी होतं. गणेशोत्सवात दरवर्षी साउंड सिस्टिम लावणारा एक तरुण आणि त्याचा नवरा, दोघे एकेकट्याची वर्गणी भरत. न्यू जर्सीत ऑक्टोबर २०१३ पासून त्यांच्यासारख्यांचं लग्न कायदेशीर आहे; मंडळाच्या फॉर्मवर मात्र त्यांचं कुटुंब नव्हतं. त्यांनी तक्रार केली नव्हती. विषय काढायला हवा होता तो आमच्यासारख्यांनी.

बैठकीच्या आधी मी नैवेद्यवाल्या काकूंकडे चहाला गेले आणि खजिनदारांना वेगळं भेटले. समितीत विषय निघाला तेव्हा अपेक्षित तेच ऐकायला मिळालं. एक जण म्हणाले, आज हे, उद्या आणखी काय मागतील? दुसऱ्यांना लहान मुलांची काळजी वाटत होती. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आपला स्पीकर इतकी वर्षं कोण लावतंय? पहाटे चारला येऊन वायरी कोण ओढतंय? तो आपला, आणि त्याच्या घरचं माणूस आपलं नाही, असं कुठे असतं का?” यावर कुणाला बोलता आलं नाही. खजिनदारांनी नियम साध्या शब्दांत पुन्हा लिहिला: एका पत्त्यावर राहणारे दोन प्रौढ आणि त्यांची मुलं. गंमत अशी की त्या एका ओळीत आणखी कितीतरी जण आले. नवरा गेल्यावर बहिणीकडे राहायला आलेल्या एक बाई आल्या. एकट्याने मुलगी वाढवणारे एक वडील आणि त्यांची आई आली. दाराची चौकट रुंद केली की ती एकासाठीच रुंद होत नाही.

दोन कुटुंबांनी त्या वर्षी वर्गणी भरली नाही, हेही खरं. पण गणेशोत्सव झाला, आणि तिसऱ्या दिवशीच्या पूजेला ते दोघे जोडीने बसले. गुरुजींनी नावं विचारली, गोत्रं विचारली आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. आरतीचं ताट काकूंनी त्यांच्याच हातात दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका आईचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, आपलं एका मुलीवर प्रेम आहे, असं घरी सांगितलं होतं. आई रडत होत्या, पण त्यांना सांगायचं वेगळंच होतं. मुलगी म्हणाली होती, “आई, गणपतीत त्या दोघांना आरतीचं ताट दिलं, तेव्हा तू काय बोलतेस याकडे माझं लक्ष होतं.” आईंना आधी काही आठवेना. मग आठवलं. शेजारणीला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “आवाज चांगला आहे हो दोघांचा.”

शाळेत माझ्यासमोर बसणारी मुलंही हेच सांगतात. घरात सांगण्याआधी ती कितीतरी वर्षं कानोसा घेत असतात. पार्टीहून परतताना गाडीत आईबाबा काय बोलतात, टीव्हीवर एखादं पात्र आलं की चॅनेल बदलतात का, पुण्याहून आलेला मामा विनोद करतो तेव्हा कोण हसतं आणि कोण गप्प राहतं. त्यावरून मुलं हिशेब मांडतात. कॉलेजची फी आईवडील भरत असतील, तर तो हिशेब आणखी जपून होतो. भारतातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचं ओझं दुहेरी असतं: डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि गावी सुरू झालेली स्थळांची शोधाशोध. ज्या घरात चांगला शब्द कानावर पडला नाही, त्या घरातलं मूल लांबच्या राज्यात नोकरी घेतं, फोन कमी करतं, आणि आईवडील म्हणत राहतात की अमेरिकेतली मुलं अशीच तुटतात.

बोलायला सुरुवात कशी करावी हे ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी नाटकाचा फार उपयोग होतो. चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’ म्हणजे समलिंगी मुलाच्या आईचं मनोगत. एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही त्याचं अभिवाचन ठेवलं. सतरंज्या, बटाटेवडे, चहा, नेहमीच्या मैफिलीसारखंच. वाचन संपल्यावर लोक त्या नाटकातल्या आईबद्दल बोलू लागले: तिने असं करायला हवं होतं, तिला किती त्रास झाला असेल. एक काका म्हणाले, तिच्या घरच्यांनी तिला एकटं पाडायला नको होतं. त्या खोलीत अशीच एक आई बसली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात तिने त्यांच्याच पत्नीला सांगितलं.

ट्रान्स मुलांच्या पालकांची वाट याहून खडतर आहे. नाव बदललेलं असतं, आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर आवाज आणि चेहरा लपवता येत नाही. त्यातच अमेरिकेतली हवा बदलली आहे. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी कागदपत्रांवर त्यांची ओळख नाकारली, आणि जून २०२५ मध्ये अल्पवयीन ट्रान्स मुलांच्या वैद्यकीय उपचारांवरची टेनेसी राज्याची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. स्थलांतरित कुटुंब कागदपत्रांच्या बाबतीत आधीच धास्तावलेलं असतं. अशा वेळी पालकांना धीर लागतो तो शेजारच्या माणसाचा. आमच्याकडे एका ट्रान्स मुलीच्या वडिलांबरोबर मंडळातलेच एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक सरकारी कचेरीत गेले. त्यांना या विषयातलं फारसं कळत नव्हतं. फॉर्म कसे भरायचे ते कळत होतं, आणि त्या दिवसांत तेच हवं होतं.

भारतात परतायचा विचार करणाऱ्यांपुढेही पेच आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१३ च्या निकालानंतर समलिंगी जोडीदारासाठी ग्रीन कार्ड मागता येऊ लागलं, २०१५ पासून लग्न सगळ्या देशभर मान्य झालं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे आईची सेवा करायला पुण्याला परतू पाहणारा मुलगा विमानातून उतरला की कायद्याच्या नजरेत अविवाहित होतो. ‘मुलं म्हातारपणी जवळ नाहीत’ असं म्हणणाऱ्या पिढीने या प्रश्नाकडे आपला प्रश्न म्हणून पाहायला हवं.

मंडळांच्या कार्यकारिणीत असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. इंद्रधनुषी फलक लावायची घाई करू नका. आधी सभासदत्वाचा फॉर्म काढून वाचा आणि त्यात कोण बसत नाही ते पाहा. मराठी शाळेत ‘माझं कुटुंब’ असा निबंध देताना दोन आया असलेल्या मुलाला लिहिता येईल ना, याचा विचार करा. एकांकिकेत बायकी चालीवर हशा मिळवणारा प्रसंग असेल तर दिग्दर्शकाशी बोला. गुरुजींना आधी भेटा, डॉक्टरांना एखाद्या कार्यक्रमात बोलायला लावा. आणि या मुलामुलींना पाहुणे म्हणून स्टेजवर बोलावून टाळ्या देण्यापेक्षा त्यांना काम द्या: स्वयंपाकाची पाळी, हिशेब, ढोलपथक, पंगतीत वाढणं. आपल्याकडे ज्याच्या हातात काम असतं तो घरचा असतो.

आपल्या तीनशे घरांमध्ये आत्ता, हे वाचत असताना, अशी मुलं आहेत. त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. ती आपल्या बोलण्यावरून हिशेब मांडत आहेत, आणि आपल्याला ते कळणारही नाही. म्हणून कुणी सांगेल तेव्हा बोलू, असं म्हणून चालत नाही. चांगला शब्द आधी उच्चारावा लागतो, सगळ्यांसमोर, आणि आपल्या घरात असं कुणी नाही अशी खात्री असली तरीही.